जवळचे भांडार आणि दूरचा शिक्का

रायपूर शहराच्या उत्तरेकडील भागात, बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेने भनपुरीची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. लोखंडाचे काम करणारे लहानमोठे कारखाने, गुदामे, मालवाहू ट्रकांचे तळ, आणि पलीकडे उरला व सिलतरा येथील आणखी मोठे कारखाने, असा हा सारा पट्टा आहे. येथे मालाने भरलेला ट्रक फाटकाबाहेर पडतो तो बहुधा धर्मकाट्यावर चढूनच. काट्याने दाखविलेला आकडा विकणारा मान्य करतो, घेणाराही मान्य करतो, आणि हजारो रुपयांचा व्यवहार त्या एका चिठ्ठीवर पुरा होतो.

हा विश्वास कोठून येतो? काटा कारखान्याच्या शेजारी आहे म्हणून तो येत नाही. काट्याचा मालक ओळखीचा आहे एवढ्यानेही येत नाही; उलट ओळखीच्या मालकाविषयीच घेणाऱ्याच्या मनात शंका अधिक असावयाची. विश्वास येतो तो वैधमापन निरीक्षकाने काटा तपासून त्यावर उठविलेल्या शिक्क्यामुळे. त्या शिक्क्यासही मुदत असते. ती संपली की काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो, कारण काल बरोबर असलेला काटा आज बरोबर असेलच असे नाही. जवळीक, शिक्का आणि मुदत या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ट्रक हाकणाऱ्यासही ठाऊक असते. संगणकाच्या बाबतीत मात्र चांगले शिकलेले लोकही या तिहींची गल्लत करतात.

आज अशा वसाहतींतील कचेऱ्यांतून, आसपासच्या शाळांतून व दवाखान्यांतून संगणक असतात, आणि त्यांतील काहींवर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास आरंभ केला. नुसत्या गाभ्याने संगणक उपयोगात येत नाही. त्याच्याभोवती हजारो आज्ञावल्या रचाव्या लागतात. अशी रचना करून लोकांच्या हाती देणाऱ्या उपक्रमास वितरण म्हणतात. इयन मरडॉक याने १९९३ साली सुरू केलेले डेबियन हे त्यांपैकी एक. भारतातील सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. वितरणातील प्रत्येक आज्ञावली एका बांधलेल्या पुडक्यात येते, त्यास पॅकेज म्हणतात. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियनच्या १२व्या आवृत्तीत अशी चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती. ती सारी जेथे अनुक्रमणिकेसह मांडून ठेवलेली असतात ते भांडार. संगणक वेळोवेळी भांडाराकडे चौकशी करतो, आपल्याजवळील पॅकेजांपेक्षा नवी तेथे आली असतील तर ती आणतो, आणि जुन्यांच्या जागी बसवितो. यास अद्ययावत करणे म्हणतात.

भांडार दूरदेशी असले पाहिजे असे नाही. त्याची हुबेहूब प्रत कोणीही ठेवू शकतो. कानपूरच्या आयआयटीतील संगणकशास्त्र विभागाने अनेक वर्षे अशा प्रती ठेवल्या आणि देशभरातील संगणकांनी त्यांचा लाभ घेतला. तीच गोष्ट लहान प्रमाणावर भनपुरीतील एखाद्या कारखान्यासही साधते. समजा, तेथे वीस संगणक आहेत. त्यांपैकी भट्टी वा रोलिंगच्या नियंत्रणाशी संबंध असलेले पाचसात संगणक इंटरनेटला मुळीच जोडलेले नाहीत, आणि ते जोडू नयेत हेच शहाणपणाचे आहे. अशा वेळी एका संगणकावर भांडाराची प्रत आणून ठेवावी आणि बाकीच्यांनी कारखान्याच्या आतल्या तारेवरून तिच्यातून घ्यावे, ही योजना सोयीची आहे. एकच वस्तू वीस वेळा बाहेरून आणावी लागत नाही आणि एकांतातल्या संगणकांनाही शुश्रूषा मिळते. जेथे आतली तारही नाही तेथे रितेश राज सराफ या भारतीय विकासकाने लिहिलेली ॲप्ट-ऑफलाइन ही आज्ञावली उपयोगी पडते. एकांतातल्या संगणकाने आपल्या गरजांची यादी पेनड्राइव्हवर लिहून द्यावयाची, इंटरनेट असलेल्या दुसऱ्या संगणकाने यादीबरहुकूम सामान भरावयाचे, आणि ते परत आणून पहिल्यास द्यावयाचे, असा हा सरळ व्यवहार आहे. ज्या देशात इंटरनेट सर्वत्र व सर्वकाळ मिळत नव्हते त्या देशातील माणसासच ही युक्ती सुचावी, यात नवल नाही.

तेव्हा स्थानिक भांडार चांगले की वाईट हा वादाचा विषय नव्हे. ते चांगलेच आहे. वाद आहे तो त्याच्यावर किती आणि कशासाठी विश्वासावे याविषयी. स्थानिक भांडाराकडून केवळ वाहतुकीचे काम घ्यावे. साक्ष मात्र मूळ वितरणाचीच मागावी. शेजारच्या खोलीतून आलेल्या पॅकेजालाही परमुलखातून आलेल्या पॅकेजाइतकीच कसून तपासणी लावावी. असे म्हटले की कित्येकांना तो स्वतःच्याच माणसांवरील अविश्वास वाटतो. परंतु धर्मकाट्याचा मालक शिक्का मागितल्याबद्दल रुसत नाही.

ही तपासणी कशी होते ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण तिचे मर्म कळले नाही तर पुढील सारे केवळ आज्ञांचे पाठांतर होईल. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांचा मराठी कारभार आला. त्या काळच्या मोडी कागदांत आरंभी शिक्का आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब करण्याची रीत असे. मोर्तबाच्या खाली कोणी एखादी ओळ वाढविली तर ती मर्यादेबाहेर पडून उघडी होई. कागद लांब असला आणि तुकडे डकवावे लागले तर सांध्यावरही शिक्का उठवीत, म्हणजे मधला एखादा तुकडा काढून दुसरा बसविता येऊ नये. सारांश, शिक्का कागद कोणाचा हे सांगे, आणि मोर्तब व सांध्यावरचा शिक्का मिळून कागद अखंड आहे असे सांगत.

डेबियनच्या भांडारात हीच दोन कामे गणिताने केलेली आहेत. प्रत्येक पॅकेजाच्या मजकुरावरून एक ठरावीक लांबीची अंकाक्षरांची ओळ काढतात. सध्या रूढ असलेल्या पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते. तिला त्या मजकुराचा ठसा म्हणावे. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ठसा समूळ बदलतो, आणि ठरविलेला ठसा उमटेल असा दुसरा मजकूर मुद्दाम घडविणे आजच्या ज्ञानाप्रमाणे कोणास साधलेले नाही. सर्व पॅकेजांचे ठसे अनुक्रमणिकेत लिहिलेले असतात. त्या अनुक्रमणिकांचे ठसे पुन्हा रिलीज नावाच्या एका लहानशा पत्रकात असतात. आणि त्या एका पत्रकावर वितरणाच्या गुप्त किल्लीने सही केलेली असते. सही तपासण्यास लागणारी सार्वजनिक किल्ली संगणकावर प्रणाली प्रथम बसविली तेव्हाच आलेली असते. म्हणजे एका सहीपासून पत्रकाकडे, पत्रकापासून अनुक्रमणिकेकडे आणि तेथून चौसष्ट हजार पुडक्यांतील प्रत्येकाकडे विश्वासाची साखळी जाते. रेड हॅटच्या कुळातील वितरणांत प्रत्येक पॅकेजावर स्वतंत्र सही असते. रीत निराळी, हेतू तोच.

या व्यवस्थेत प्रत ठेवणाऱ्याकडे गुप्त किल्ली नसते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याने लबाडी करून एखाद्या पॅकेजात ढवळाढवळ केली तर ठसा जुळणार नाही. ठसा बदलला तर अनुक्रमणिकेचा ठसा जुळणार नाही. तोही बदलला तर सही खोटी ठरेल. म्हणूनच प्रत ठेवणारा कोण, कोठला, सज्जन की दुर्जन, याची चौकशी न करताही त्याच्याकडून माल घेता येतो. स्थानिक भांडाराची सारी सोय या एका गोष्टीवर उभी आहे.

आणि नेमकी तीच गोष्ट लोक स्वतःच्या हाताने मोडून टाकतात. प्रत घाईने उतरविताना सहीचे पत्रक राहून जाते, अथवा नव्या आवृत्तीची सार्वजनिक किल्ली जुन्या संगणकावर नसते. मग अद्ययावत करू जाता संगणक म्हणतो की सही पडताळता येत नाही. दुरुस्तीस आलेल्या माणसास संध्याकाळपर्यंत काम उरकावयाचे असते. त्यास कोणीतरी सांगितलेले असते की भांडाराच्या ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ एवढे दोन शब्द घातले म्हणजे तक्रार थांबते; रेड हॅटच्या कुळात ‘जीपीजीचेक’पुढे शून्य लिहिले म्हणजे थांबते. तक्रार थांबते हे खरे. काट्याचा शिक्का कोठे आहे असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकास फाटकाबाहेर घालविले म्हणजे त्याचीही तक्रार थांबते. त्या दिवसापासून त्या तारेवर बसलेला कोणीही, भांडाराच्या संगणकात शिरलेला कोणीही, अथवा तेथे लावलेल्या पेनड्राइव्हबरोबर आलेला कोणताही उपद्रव, वीसही संगणकांवर सर्वाधिकाराने काहीही बसवू शकतो. पॅकेज बसविण्याचे काम संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने होते हे येथे विसरता कामा नये. योग्य उपाय मुळीच अवघड नाही. प्रत पुन्हा पूर्ण उतरवावी, आणि किल्ली हवी असेल तर ती वितरणाच्या अधिकृत किल्लीसंचातून आणून, तिचा ठसा दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने ताडून मगच स्वीकारावी. यास अर्धा तास अधिक लागेल. तो अर्धा तास देण्याची ज्या कचेरीची तयारी नाही तिने स्थानिक भांडार ठेवूच नये.

साखळीची पहिली कडी प्रणाली प्रथम बसविताना घातली जाते असे वर म्हटले. ती कडीही कच्ची असू शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या वितरणाच्या संकेतस्थळात घुसखोरांनी प्रवेश मिळविला आणि प्रणाली उतरवून घेण्याचा दुवा बदलून चोरदार ठेवलेल्या प्रतीकडे वळविला. ज्यांनी बसविण्यापूर्वी ठसा व सही ताडून पाहिली ते वाचले. भनपुरीसारख्या ठिकाणी एकच पेनड्राइव्ह हातोहात फिरून दहा कारखान्यांत प्रणाली बसविली जाते. तेथे हे ताडून पाहणे आणखी अगत्याचे आहे. तपासणी करणाऱ्या आज्ञावलीतही क्वचित दोष निघतो. जानेवारी २०१९ मध्ये डेबियनच्या ॲप्टमध्येच असा एक दोष मॅक्स जस्टिच याने दाखवून दिला. वाटेत बसलेला मनुष्य त्याच्या आधारे खोटे पॅकेज खरे म्हणून गळी उतरवू शकत होता. तो तत्परतेने दुरुस्त करण्यात आला. ज्यांनी त्यानंतर अद्ययावत केलेच नाही त्यांच्याकडे मात्र तो तसाच राहिला.

यावरून दुसऱ्या आणि अधिक कपटी अडचणीकडे वळावे लागते. सही खरी आहे, ठसे जुळतात, एकही अक्षर बदललेले नाही, आणि तरीही माल घातक आहे, असे होऊ शकते. कारण तो शिळा आहे. गेल्या वर्षीच्या पत्रकावरील सही आजही खरीच असते. २००८ साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या जस्टिन कॅपोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोगच करून पाहिला. त्यांनी एक संगणक भाड्याने घेतला, काल्पनिक संस्थेच्या व काल्पनिक व्यवस्थापकाच्या नावाने आपले भांडार प्रत म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केले, आणि पाच प्रमुख वितरणांनी ते आपल्या यादीत घेतले. हजारो संगणक त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांत सरकारी व लष्करी संगणकही होते. त्यांनी कोणास अपाय केला नाही. परंतु दुष्ट हेतूचा मनुष्य त्यांच्या जागी असता तर त्यास पॅकेजात काही मिसळण्याची गरजच नव्हती. त्याने फक्त नवे काही द्यावयाचे नाकारले असते, म्हणजे ज्या संगणकांचे छिद्र बुजलेले नाही त्यांची यादीच त्याच्या हाती आपोआप पडली असती.

भनपुरीतील कारखान्यात असे करण्यास कोणी दुष्ट मनुष्य लागत नाही, आळस पुरतो. पहिल्या दिवशी उत्साहाने प्रत उतरविली जाते. ती ताजी ठेवण्याचे काम ज्याच्याकडे होते तो दुसरी नोकरी धरून दुर्गला निघून जातो. डिस्क भरते, रात्रीचे उतरविण्याचे काम मुकाट्याने बंद पडते. वीस संगणक रोज सकाळी भांडारास विचारतात आणि भांडार रोज उत्तर देते की सर्व काही अद्ययावत आहे. या उत्तरात एकही शब्द खोटा नाही. भांडारास जेवढे ठाऊक आहे त्या मानाने सर्व अद्ययावतच आहे. बंद पडलेले घड्याळ निदान टिकटिक थांबवून आपली अवस्था कळविते. बंद पडलेले भांडार पूर्वीप्रमाणेच बोलत राहते.

सेंटओएस या वितरणाची ७वी आवृत्ती उद्योगधंद्यांत फार पसरली होती. तिची शुश्रूषा ३० जून २०२४ रोजी कायमची थांबली. मूळ भांडार बंद झाल्यावर इंटरनेटवर अवलंबून असलेल्या संगणकांनी निदान तक्रार तरी केली. ज्यांनी स्थानिक प्रत ठेवली होती त्यांच्याकडे त्या दिवशी काहीच घडले नाही, आणि काहीच घडले नाही हीच चिंतेची गोष्ट होय.

डेबियनने यावर धर्मकाट्यासारखाच उपाय योजिला आहे. त्याच्या सुरक्षा-भांडाराच्या पत्रकावर मुदत लिहिलेली असते, आणि ती थोड्याच दिवसांची असते. मुदत उलटली की ॲप्ट ते पत्रक स्वीकारत नाही. स्थानिक प्रत शिळी झाल्यावर संगणकाने आरडाओरडा करावा, हाच त्याचा हेतू आहे. परंतु येथेही तो आरडाओरडा बंद करण्याची कळ उपलब्ध आहे, आणि लोक ती दाबतात. कधीकधी चूक निराळीच असते: संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, वीज गेली की त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि आजचे पत्रक त्यास भविष्यातले वाटते. तेव्हा दहावीस रुपयांची बॅटरी बदलावी. मुदतीची तपासणी बंद करू नये. शिवाय मुदतीची ही सोय सर्व वितरणांत नाही, आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीच्या मुख्य भांडारावरही अशी मुदत नसते. म्हणून प्रत शेवटची केव्हा ताजी झाली याकडे माणसानेच लक्ष ठेवणे भाग आहे.

येथे कारखान्यातील अनुभवी माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. चालत्या यंत्रास हात लावू नये, हा त्याचा नियम आहे. मिल एक पाळी बंद पडली तर किती नुकसान होते हे त्यास ठाऊक असते. अद्ययावत केल्यानंतर छपाईयंत्र चालेनासे झाले, हिशेबाची आज्ञावली उघडेना, असे त्याने पाहिलेले असते. हा नियम लोखंडी यंत्राच्या बाबतीत खरा आहे, कारण लोखंडी यंत्राचा दोष झिजेतून उत्पन्न होतो आणि झिजेची चाहूल आधी लागते. आज्ञावली झिजत नाही. तिच्यातील दोष पहिल्या दिवसापासून तिच्यात असतो. तो घातक होतो तो दुसऱ्या कोणास तरी ठाऊक होतो त्या दिवशी. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीतील हार्टब्लीड नावाचा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून जगभर पसरलेला होता. ७ एप्रिल २०१४ रोजी तो जाहीर झाला. ६ एप्रिलला जो संगणक व्यवस्थित चालत होता तो ८ एप्रिललाही तितक्याच व्यवस्थित चालत होता. फरक एवढाच की आता त्याच्या स्मृतीतील गुपिते कशी काढावी हे जगातील वाटेल त्यास ठाऊक होते.

दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजेच दोष प्रसिद्ध होणे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवाने जगभरातील विंडोज संगणक बंद पाडले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती आणि हल्ला १२ मे रोजी झाला. लिनक्सची गोष्ट येथे नसली तरी मधल्या एकूणसाठ दिवसांचा हिशेब कोणत्याही प्रणालीस लागू आहे. ज्या स्थानिक भांडाराची प्रत तीन महिन्यांनी एकदा ताजी होते ते भांडार अशा प्रसंगी निरुपयोगी ठरते.

तथापि मिलमधील त्या माणसाच्या नियमात एक सत्य उरतेच. सही माल कोणाचा हे सांगते. माल चांगला आहे असे सांगत नाही. मे २००८ मध्ये उघड झाले की डेबियनच्याच एका दुरुस्तीमुळे जवळजवळ दोन वर्षे त्या वितरणात दुर्बळ किल्ल्या घडत होत्या. ती पॅकेजे रीतसर सहीची होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या माहिती आक्रसणाऱ्या आज्ञावलीच्या दोन नव्या आवृत्त्यांत चोरदार सापडले. ते घालणाऱ्याने सुमारे दोन वर्षे सज्जनपणाने काम करून त्या प्रकल्पात विश्वासाचे स्थान मिळविले होते. दूरस्थ संगणकात प्रवेश होण्यास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक का लागतो, या एका क्षुल्लक प्रश्नाचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरविला म्हणून ते उघडकीस आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोहोचले नव्हते, कारण तेथे नवी आवृत्ती तडकाफडकी घेतच नाहीत. केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या जुन्या आवृत्तीत बसवून देतात.

यातून कारखान्यासाठी निघणारा मार्ग मधला आहे, परंतु तो धरसोडीचा नाही. स्थिर आवृत्ती वापरावी. सुरक्षेच्या दुरुस्त्या रोज उतरवून घ्याव्यात. त्या प्रथम एका दुय्यम संगणकावर बसवाव्यात. तेथे छपाई, हिशेब, काट्याची चिठ्ठी हे नेहमीचे व्यवहार एकदोन दिवस चालवून पाहावेत. मग बाकीच्यांवर सोडावे. एकदोन दिवस, एकदोन महिने नव्हेत. वीसही संगणकांवर एकाच क्षणी बसविणे हे वीसही पिठाच्या पोत्यांची एकदम भाकरी करण्यासारखे आहे. येथे स्थानिक भांडार खऱ्या अर्थाने उपयोगी पडते: कोणती पॅकेजे केव्हा खुली करावयाची हे त्याच्या द्वारावर ठरविता येते.

प्रत्यक्ष काम थोडक्यात सांगता येते. महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि ती परत वाचता येते की नाही हे पाहावे. ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा केवळ अनुक्रमणिका आणते. ती काय म्हणते ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, कारण इशारे तेथेच असतात. त्यानंतर ‘अपग्रेड’ ही आज्ञा आधी नाटकी स्वरूपात, म्हणजे प्रत्यक्षात काही न बदलता काय बदलेल तेवढेच दाखविण्यास सांगून, चालवावी. एखादे आवश्यक पॅकेज काढले जाणार असे दिसल्यास थांबावे. ‘फुल-अपग्रेड’ ही आज्ञा पॅकेजे काढूनही टाकू शकते, म्हणून ती समजून वापरावी. भनपुरीत वीज केव्हाही जाऊ शकते असे धरून यूपीएस असल्याखेरीज या कामास हात घालू नये. पॅकेज अर्धवट बसण्याइतके दुसरे कटकटीचे काही नाही. आणि काम झाल्यावर एक गोष्ट बहुतेक सारे विसरतात: डिस्कवरील आज्ञावली बदलली तरी आधीपासून चालू असलेली जुनीच स्मृतीत चालू राहते. ती बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. गाभा बदलला असेल तर संगणकच पुन्हा सुरू करावा. जुना गाभा सहसा शिल्लक असतो आणि नव्याने त्रास दिल्यास आरंभीच्या यादीतून तो निवडता येतो. वर्षभर न थांबता चाललेला संगणक हा कित्येकांच्या अभिमानाचा विषय असतो. वस्तुतः तो वर्षभरापूर्वीचा गाभा चालवीत असतो.

कारखान्याने स्वतः लिहवून घेतलेल्या आज्ञावल्याही याच भांडारात ठेवावयाच्या असल्यास त्यांसाठी आपली स्वतंत्र किल्ली करावी आणि संगणकावर नोंदविताना ती फक्त त्या एका भांडारापुरतीच ग्राह्य ठरेल अशी बांधावी. कारखान्याची किल्ली डेबियनच्या पॅकेजांनाही साक्ष देऊ लागली तर वर वर्णिलेली साखळी फुकट गेली. गुप्त किल्ली भांडाराच्याच संगणकावर उघडी ठेवणे म्हणजे शिक्का काट्याच्या टपरीतच टांगून ठेवणे होय.

उरतो तो प्रश्न प्रत ताजी ठेवणार कोण हा. प्रत्येक लहान कारखान्याने ते करावे असे म्हणणे अव्यवहार्य आहे; दहा जण करतील आणि नऊ विसरतील. रायपुरात १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून पायाभरणी झालेली आणि २००५ पासून एनआयटी म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, इतर अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, उद्योजकांच्या संघटना आहेत. यांपैकी कोणी एकाने दोनतीन रूढ वितरणांच्या प्रती शहरासाठी ठेवाव्यात. एक संगणक, दोन मोठ्या डिस्क, आणि आठवड्यातून तासभर लक्ष देणारा एक जबाबदार मनुष्य एवढाच त्याचा खर्च आहे. प्रत शेवटची केव्हा ताजी झाली ती तारीख त्याने सर्वांस दिसेल अशा ठिकाणी लावावी, जशी धर्मकाट्याच्या भिंतीवर तपासणीची तारीख लावतात. एखाद्या वितरणाची शुश्रूषा केव्हा संपणार तेही तिच्याखाली लिहावे, आणि तो दिवस उलटल्यावर ती प्रत काढून टाकावी. लोकांनी कितीही विनवण्या केल्या तरी.